रिकाम्या फुग्यांचं पुस्तक

चित्रांचं पुस्तक म्हणजे लहान मुलांचं पुस्तक, असं तुम्हालाही वाटतं का? धारवाडच्या मळमड्डीतल्या आमच्या पुस्तक भिशीत एक कॉमिक निवडलं गेलं, तेव्हा बहुतेकींनी ते हातातही न घेता असंच म्हटलं होतं. मी म्हटलं नव्हतं. मी ते अगदी गंभीरपणे, हातात पेन्सिल घेऊन वाचलं, आणि तरीही मला ते कळलं नाही. गेले काही आठवडे ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

पुस्तक भिशी म्हणजे काय, ते आधी सांगते. महिन्यातून एकदा जमायचं. डब्यातून चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिनं पुस्तक निवडायचं. त्याच्या एक-दोन प्रती महिनाभर घराघरांतून फिरतात आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपापलं मत सांगायचं. निवडणारीनं सगळ्यांचं ऐकून शेवटी बोलायचं, असा नियम आहे. ज्यांच्या घरी आम्ही जमतो त्या हायस्कुलातून निवृत्त झालेल्या. सगळ्या त्यांना बाईच म्हणतात. गुडघ्यांमुळे आईला बाईंचा जिना चढवेना, तेव्हा तिच्या जागी मी जायला लागले. तिथं सगळ्यांत लहान मीच.

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. अप्पा, म्हणजे माझे वडील, कामगार संघटनेचं काम करायचे. माडीवर गठ्ठे पडलेले असत; पत्रकाच्या एका बाजूला कन्नड, उलटलं की मराठी. मी दोन्ही अक्षरं त्यावरच गिरवली. पत्रकाला घाई असते. ते कुणाच्या बाजूचं आहे हे पहिल्या दोन ओळींतच कळावं लागतं, नाहीतर वाचणारा त्यात शेंगा बांधून घेतो. मी पुस्तकंही तशीच वाचते. लेखक कुणाच्या बाजूला उभा आहे, हे आधी शोधते. ते सापडलं की पेटते, किंवा भांडते.

हिवाळ्यात भिशीत एक जाडजूड कादंबरी आली होती. देशपांडेनगरातून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी निवडलेली. शहराला कंटाळलेलं एक जोडपं कोकणात जातं, पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधतं आणि त्यांना मनःशांती मिळते. सगळ्यांना फार आवडली. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "एवढे पाहुणे येतात-जातात, तर चादरी कोण धुतं?"

"म्हणजे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अख्ख्या पुस्तकात चादरी धुणारं माणूस नाही. भांडी घासणारं नाही. मनःशांती मिळाली, पण ती कुणाच्या हातांनी, ते लेखकाला दिसलंच नाही."

"अय्य, तुझ्यासाठी आता धोब्याची कादंबरी शोधून आणते हं," त्या म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते पुस्तक मला आजही खोटं वाटतं. ज्या पुस्तकात कुणी दमतच नाही, त्यातल्या विश्रांतीवर माझा विश्वास बसत नाही.

त्यानंतरचं पुस्तक कन्नड होतं. बाईंनी निवडलेलं. मिरचीच्या बाजारात दिवसभर देठ खुडणाऱ्या बायकांच्या कथा. हे आपल्या बाजूचं पुस्तक, असं म्हणत मी हावरटासारखं वाचलं, आणि शेवटी चिडले. एकही बाई ब्र काढत नाही. मुकादम वजनात मारतो, आणि त्या खाली मान घालून देठ खुडतात. मी बैठकीत लेखिकेवर तुटून पडले. एवढं माहीत असून ही गप्प का?

त्या दिवशी वहिनी माझ्या आधी बोलून गेली होती. ही वहिनी म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या घरची सून. माहेर गदगकडचं, कन्नड. मराठी लग्नानंतर शिकली. एका खासगी शाळेत ती दुसरीचा वर्ग घेते. नेहमी पहिली बोलायची आणि थोडंच बोलायची. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "तिचे हात मिरचीनं जळतात म्हणून ती मुलाला कोपरांनी उचलते. मी ते पान परत परत वाचलं."

मी घरी जाऊन ते पान काढलं. खरंच होतं. एका वाक्यात, जाता जाता लिहिलेलं. मला दिसलंच नव्हतं, कारण मी घोषणा शोधत होते. मुकादमाचा सगळा अन्याय त्या दोन कोपरांत होता. मला लेखिकेची माफी मागावीशी वाटली आणि वहिनीशी बोलावंसं वाटलं.

पण वहिनीशी बोलणं सोपं नव्हतं. आपलं मत सांगून झालं की ती हसत बसून राहायची. कुणी तिला उलट प्रश्न केला तर ती भलतंच काहीतरी बोलायची, किंवा "होय की" म्हणून मान हलवायची. भिशीतल्या बायकांनी याचा अर्थ आपापसात कधीच लावून टाकला होता. तिला मराठी नीट येत नाही. "बिचारी, आपलं बोलणं तिच्या डोक्यावरून जातं," असं एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझं डोकं फिरलं.

"का जावं?" मी म्हटलं. "आपण या गावात राहतो ते कन्नडच्या जिवावर. भाजी कन्नडमध्ये घेतो, रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडतो. आणि इथं चार मराठी बायका जमलो की जिची भाषा कन्नड आहे तिलाच बिचारी ठरवायचं? तिच्याशी कन्नडमध्ये बोला ना!"

बाईंना पटलं. सगळ्यांनाच पटलं, कारण धारवाडात हे कुणालाच जड नसतं. वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवणारी माणसं आम्ही. त्या दिवसापासून वहिनीकडे तोंड वळलं की सगळ्या कन्नडमध्ये शिरत. आणि फरक पडला! ती जास्त उत्तरं द्यायला लागली. मला वाटलं, मी एक छोटी लढाई जिंकले. घरी येऊन अप्पांना सांगितलंही. ते म्हणाले, "शाबास."

मग चिठ्ठीत वहिनीचं नाव निघालं.

तिनं हुबळीच्या पुस्तक प्रदर्शनातून ते कॉमिक आणलं. काळ्या-पांढऱ्या चित्रांचं, मराठी. एक बाई रेल्वे स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत बसते. काचेपलीकडून लोक विचारतात, ती उत्तर देते. सुरुवातीला लोकांच्या तोंडाजवळचे संवादाचे फुगे शब्दांनी गच्च भरलेले आहेत. हळूहळू त्यांतली अक्षरं गळायला लागतात. आधी काने-मात्रे जातात. मग अक्षरांचे निम्मे भाग. मग फुग्यात नुसती शिरोरेषा उरते, तिच्याखाली काही लटकत नाही. शेवटी फुगे पूर्ण पांढरे. मात्र फुगे जसजसे रिकामे होतात, तसतशी माणसांची तोंडं मोठी होत जातात. एका पानावर तर फक्त ओठ, दात आणि एक मिशी. आणखी एका पानावर तिनं काचेवर तळहात टेकवलाय, आणि पलीकडचा माणूस बोलतोय.

मी भारावून गेले. माझ्या मते हे सरळ होतं. ही सेन्सॉरची गोष्ट आहे. लोकांचे शब्द कुणीतरी पुसतंय, आणि सरकारी खिडकीत बसलेली बाई ते नुसती बघत राहते. मी त्यावर दोन पानं लिहिली. "ज्या देशात प्रश्नांचे फुगे रिकामे केले जातात" असं माझं पहिलं वाक्य होतं. वाक्य चांगलं होतं, हे आजही कबूल करते. फक्त ते त्या पुस्तकाबद्दल नव्हतं.

बैठक दुपारी होती. आभाळ भरून आलेलं. सुरुवात डॉक्टरीणबाईंनी केली.

"माझ्याकडे आली ती प्रत खराब होती हं. अर्ध्या पुस्तकात अक्षरंच छापली नाहीत. दुकानदाराला परत द्यायची का?"

"सगळ्याच प्रती तशा आहेत," बाई म्हणाल्या.

"मग सगळ्याच परत द्या!"

हशा झाला. मग मी माझी दोन पानं वाचली. बाईंनी मान डोलावली. कुणीतरी म्हणालं, हे वर्तमानपत्रात द्यायला हवं. या सगळ्या वेळात वहिनी आमच्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होती. इतकं टक लावून, की मला वाटलं, माझं लिखाण तिला फार आवडलंय.

तिची पाळी आली आणि करंट गेला. पंखा थांबला. खोली आधीच काळोखी होती, आता एकमेकींचे चेहरेही धड दिसेनात.

वहिनी म्हणाली, "करंट येऊ दे, मग बोलते."

"अगं, बोलायला लाइट कशाला लागतो?" डॉक्टरीणबाई अंधारातून म्हणाल्या.

वहिनी गप्प. तेव्हा बाईंनी नेहमीप्रमाणे, प्रेमानं, भाषा बदलली. "कन्नडदाग हेळ्री," त्या म्हणाल्या. कन्नडमध्ये सांगा. आणखी दोघी-तिघी एकदमच म्हणाल्या, "हेळ्री, हेळ्री."

वहिनी उठून खिडकीपाशी गेली, उजेडात उभी राहिली आणि मराठीतच म्हणाली, "मला काही कळत नाहीये. तुम्ही कन्नडमध्ये बोलत असाल तर मला कन्नडही ऐकू येत नाही."

 आम्ही त्या अंधारात काही बोललो असतो तरी तिला कळलं नसतं, हे त्याच क्षणी आमच्या लक्षात आलं.

मग एकदम गोंधळ उडाला. डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड धरला आणि त्या ओरडून विचारायला लागल्या, कधीपासून, कुठल्या कानाला, कुणाला दाखवलं. वहिनीनं हात वर करून त्यांना थांबवलं. "ओरडू नका हो. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं, आणि ओठांवरून कळतं तेही कळत नाही." आणि ती हसली. तिच्या हसण्यामुळे आम्हाला बसता आलं. खिडक्या उघडल्या. आम्ही तिच्या समोर, खाली सतरंजीवर बसलो.

तिनं सांगितलं ते असं. दुसऱ्या बाळंतपणानंतर ऐकणं कमी व्हायला लागलं. कानाचं मशीन घेतलं आहे, ते कपाटात आहे. नोकरी कंत्राटी, मशीन लावून शाळेत गेलीस तर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत, असं सासूबाईंचं म्हणणं, आणि नवऱ्यालाही तीच भीती. म्हणून ती वर्गात युक्तीनं चालवते. मुलांनी उत्तर तोंडी द्यायचंच नाही. पाटीवर लिहून पाटी वर धरायची. सगळी मुलं एकदम विचार करतात, कुणी नुसतं शेजाऱ्याचं ऐकून बसत नाही. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकेला, ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी इतर वर्गांनाही ती करायला सांगितली.

"आणि म्हणून आता जूनपासून मला पाठांतराचा वर्ग दिलाय," वहिनी म्हणाली. "स्पर्धेची मुलं. कविता, श्लोक, सगळं तोंडी. चांगलं काम केलं म्हणून बक्षीस दिलंय त्यांनी." तिचा आवाज तेवढा एकदाच हलला. "पहिल्याच आठवड्यात कळेल त्यांना. मग दुसरीचा वर्गही जाईल."

मी विचारलं, "आम्ही कन्नडमध्ये बोलायला लागल्यावर तुम्हाला समजायला लागलं होतं, ते कसं?" विचारताना मी तिच्याकडे बघत होते, पण हात माझ्या तोंडावर होता. तिनं खुणेनं तो खाली घ्यायला लावला. मी पुन्हा विचारलं.

"कन्नडचे ओठ लहानपणापासून ओळखीचे आहेत," ती म्हणाली. "मराठीचे अजून परके. तुझं चुकलं नव्हतं गं. पण तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की अडचण भाषेची आहे, म्हणून मीही मग तसंच चालू दिलं. सोपं होतं ते."

बाईंनी विचारलं, "मग हे पुस्तक?"

"वाटलं, तुम्ही एवढ्या वाचणाऱ्या. न सांगता कुणाला तरी कळेल."

 एकीला छपाईची चूक दिसली, एकीला सेन्सॉर. एक बाई ऐकू येईनाशी होते, ही साधी गोष्ट पानापानावर काढून ठेवलेली होती, आणि तीच आमच्यातल्या एकीलाही वाचता आली नाही. त्या दिवशी घरी परत येताना मला जो राग आला होता, तो कुणावर काढायचा हेच समजेना. शाळेवर काढावा, तर शाळेनं अजून काही केलंच नव्हतं. सासूवर काढावा, तर तिची भीती मी स्वतः इतक्या पत्रकांत छापलेली पाहिली होती. कंत्राटी माणसाला एका वाक्यात घरी बसवतात, हे मीच वर्षानुवर्षं वाचत आले होते.

मी कॉमिक पुन्हा वाचलं. या वेळी पेन्सिल घेतली नाही. काचेवर टेकवलेल्या तळहाताचं ते पान आधी मला निषेधाचं वाटलं होतं. आता दिसलं की ती पलीकडच्या माणसाचा आवाज हातानं चाचपतेय. काच थरथरतेय, हे दाखवायला चित्रकारानं बोटांभोवती बारीक रेघा काढल्यात. त्या रेघा आधीही तिथंच होत्या. पुस्तक वाचून मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. ज्या पुस्तकांशी मी भांडले, त्यांनी मला असं सोडलं नव्हतं; भांडण संपलं की मी मोकळी व्हायचे. हे पुस्तक मिटल्यावरही मी त्यात अडकलेलीच होते, कारण त्यातली बाई मागच्या गल्लीत राहत होती आणि जून जवळ येत होता.

वहिनीला विचारून मी अप्पांना सांगितलं. ते ताडकन उठून बसले. "कायदा आहे. एक पत्रक काढू. शाळेच्या दारात वाटू. तिला कामावरून कसं काढतात बघू."

"तिला नको आहे," मी म्हटलं.

"तिला नको म्हणजे? उद्या दुसऱ्या कुणाचं होईल. प्रश्न एकटीचा नसतो."

"वर्ग तिचा एकटीचा आहे, अप्पा."

ते माझ्यावर रागावले. मी त्यांच्यावर रागावले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्त त्रास झाला. आयुष्यभर मी त्यांच्याच बाजूनं बोलले होते. पण पत्रक शाळेच्या दारात पोचलं असतं त्या दिवशी वहिनी शिक्षिका राहिली नसती. ती एक प्रकरण झाली असती. माझ्या त्या दोन पानांतही मी तेच केलं होतं. रेल्वेच्या खिडकीतल्या बाईला देशाची गोष्ट करून टाकलं होतं.

मी वहिनीकडे गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "काय करायचं ते तुम्ही सांगा. मी तेवढंच करीन."

"तेवढंच?" ती म्हणाली. "तुला जमेल?"

"बघू."

"मशीन काढलंय कपाटातून," ती म्हणाली. "घरात लावून बसते. कुकरची शिटी इतकी मोठी असते हे विसरलेच होते. सासूबाईंना म्हटलं, तुम्ही केवढ्या मोठ्यानं टीव्ही लावता हो! त्या चिडल्या." मग कपड्यांचा पीळ झटकत म्हणाली, "मोठ्या बाईंना मी स्वतः भेटणार आहे. मशीन लावून. कॉमिक देणार आहे वाचायला. पाठांतर नको, दुसरी ठेवा, असं सांगणार आहे. माझ्याबरोबर कुणी यायचं नाही."

"त्या नाही म्हणाल्या तर?"

"तर तुझ्या अप्पांना सांग, कागद तयार ठेवा."

ती गेली. एकटीच. मोठ्या बाईंनी कॉमिक ठेवून घेतलं आणि वाचून कळवते म्हणाल्या. अजून कळवलेलं नाही. हे लिहिताना शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले आहेत, आणि वहिनीच्या हातात दुसरीची हजेरी येणार की काही नाही, हे आम्हाला माहीत नाही. बक्षीस म्हणून मिळालेला वर्ग नाकारणारी शिक्षिका त्यांना गर्विष्ठ वाटेल का? मशीन पाहून त्यांना पाटीची पद्धत फसवणूक वाटेल का? की ती जशी होती तशीच चांगली वाटेल? मी रोज उलटसुलट विचार करते. वहिनी विचारते, "झोपतेस ना नीट?" जणू नोकरी माझी जाणार आहे.

हे छापायला देण्याआधी तिनं वाचलं. माझी बरीच विशेषणं काढली. एका ठिकाणी मी तिला शूर म्हटलं होतं, ते खोडून तिनं बाजूला लिहिलं, "घाबरले होते. तसंच राहू दे." आणि शेवटी तुम्हाला काय सांगायचं तेही तिनंच सांगितलं. ते असं.

तुमच्याही ओळखीत, भिशीत, शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीत एखादी बाई असेल, जी आपलं बोलून होताच गप्प बसते आणि विचारलं की नुसती हसते. तिला भाषा येत नाही, ती मंद आहे, तिला आढ्यता आहे, यातलं काही ठरवण्याआधी या आठवड्यात तिच्यासमोर जाऊन बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, पंखा बंद करा, नेहमीच्या आवाजात तिला विचारा की ती सध्या काय वाचते आहे, आणि ती बोलत असताना तिथून उठू नका.